अडकित्त्याचं म्हणणं

"आज काय म्हणतोय तुझा अडकित्ता?" वहिनीनं विचारलं आणि मी नको म्हणायच्या आत माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

आमचं घर जैनांचं, आणि आईच्या वेळचे सगळे नियम वहिनीनं सांभाळलेले. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. जयसिंगपुरातल्या इतर घरांत कुकरची पहिली शिट्टी होते तेव्हा आमच्याकडे ओटा पुसून झालेला असतो. मग हातात उरणाऱ्या त्या भल्यामोठ्या संध्याकाळचं करायचं काय, हा प्रश्न मला लहानपणी रोज पडायचा. ज्या काळातली ही गोष्ट आहे, त्या काळात तो पडत नव्हता. मी जेवून उठले की थेट संगणकासमोर जाऊन बसायची, आणि घरात सगळ्यांना ते सवयीचं झालं होतं.

"तो काही म्हणाला नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनीच लिहिलंय. साइट बंद करायची म्हणतात."

वहिनी परात हातात घेऊन तशीच उभी राहिली. "मग गं? तो कुठं भेटायचा तुला?"

मला तिचा राग आला. सांगलीच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकताना सबंध दुपार मी हाच प्रश्न आडवळणानं स्वतःला विचारत होते. साइटचं काय होणार, इतक्या चांगल्या वादांचं काय होणार, मराठीत विचार करणाऱ्यांनी जायचं कुठं. वहिनीनं साल काढून गर तेवढा पुढे ठेवला.

"तो भेटला होता कधी?" मी म्हटलं आणि हात धुवायला उठले.

साइटचं नाव 'दोन्ही बाजू'. मिरजेच्या डॉ. शिरगुप्पे नावाच्या गृहस्थांनी ती काढली होती. डॉक्टर म्हणजे जनावरांचे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं धारोष्ण खोटं बोलतात असं त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यावर उपाय म्हणून भाच्याकडून त्यांनी ही साइट बांधून घेतली. तिथे वाद चालायचे. मोठमोठ्या कंपन्या, त्यांची यंत्रं, त्यांचे फोन आणि त्यात सापडलेला आपला समाज, हा बहुतेक वादांचा विषय. गावात मोठा मॉल आला तर किराणा दुकानदाराचं काय, फोनवर बोललेलं कोण ऐकतं, यंत्रानं माणसाची परीक्षा घ्यावी का, असलं सगळं. असल्या जागा तेव्हा पुष्कळ होत्या आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी लोक एकमेकांची उणीदुणी काढत. डॉक्टरांकडे ते जमत नसे, कारण डॉक्टरांचे नियम आडवे येत.

पहिला नियम, नाव सांगायचं नाही. "आडनाव कळलं की वाद संपतो आणि जात सुरू होते," असं त्यांनी पहिल्या पानावरच लिहून ठेवलं होतं. प्रत्येकानं घरातल्या एखाद्या वस्तूचं नाव घ्यायचं. वाघ, सिंह, तलवारी चालणार नाहीत. म्हणून तिथे तवा होता, उखळ होतं, कंदील होता, आणि सतरंजी नावाचं कुणीतरी कुठल्याही वादाच्या शेवटी येऊन दोघांचंही बरोबर आहे म्हणून जायचं. मी नाव नोंदवलं त्या दिवशी नुकतंच पीठ चाळून उठले होते. मी झाले चाळण.

दुसरा नियम जास्त अवघड. आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं, आपल्या शब्दांत. त्याला ते पटलं तर तो खाली 'मान्य' असं लिहिणार. मगच आपण तोंड उघडायचं. नाही पटलं तर पुन्हा मांडा. जुने शास्त्रीपंडित असाच पूर्वपक्ष मांडत, मी फक्त तो विजेवर चालवला, असं डॉक्टर म्हणायचे. या नियमानं भांडखोर आठवडाभरात पळायचे. जे टिकले ते टिकले.

माझी बाजू कायम कंपन्यांची. हसू येईल, पण तसं होतं, आणि मी एका फोन कंपनीच्या दुकानात कंपनीचा कोट घालून बसत होते हे त्याचं कारण नव्हतं. मी लग्न होऊन बेळगावला गेले होते आणि थोड्याच काळात परत आले होते. का आले हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं, फक्त प्रत्येकाला वेगवेगळं माहीत होतं. त्यामुळे कंपन्या माणसावर नजर ठेवतात म्हणून कुणी गळा काढला की मला वाटायचं, बाबा रे, तू गावात राहून बघ. एकदा मी तसंच लिहिलं. कंपनीला तुमच्या घरात काय विकता येईल तेवढं हवं असतं, गावाला तुमचं दार किती वाजता उघडलं हेही हवं असतं.

त्यावर अडकित्ता नावाचा नवा माणूस उतरला. नियमाप्रमाणे त्यानं आधी माझी बाजू मांडली. बाकी सगळं मी लिहिलं होतं तसंच, माझ्यापेक्षा नेटकं. आणि शेवटी हे वाक्य होतं. "चाळणीला असंही म्हणायचं असावं, की कंपनीला आपण कुठे चाललोय यात रस असतो, आणि गावाला आपण का परत आलो यात. मान्य?"

परत आल्याचं मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी 'मान्य' असं लिहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासली. माझ्या आईबापांनी, भावानं, बेळगावच्या माणसांनी, कुणीही माझं म्हणणं कधी एवढं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. आणि हा तर माझ्याविरुद्ध बोलायला आला होता.

नंतर तो बोललाही विरुद्धच, आणि कायम विरुद्धच बोलत राहिला. फुकट जागा देणारा भाडं दुसऱ्या कशात तरी घेतोच, हे त्याचं पालुपद. तो कुठल्याशा कारखान्यात यंत्रांपाशी काम करायचा. त्याच्या आईला कमी ऐकू यायचं. वादळवारं सुटलं की त्याचं इंटरनेट जायचं. सुपारी तो खात नव्हता, अडकित्ता वडलांचा होता. मला त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, आणि तेही उदाहरणं देता देता त्याच्याकडून सांडलेलं. कित्येक वर्षं माझ्या संध्याकाळी त्यावर निघाल्या. प्रेम वगैरे शब्द मी तेव्हा वापरला नसता. आता वापरते.

तर डॉक्टरांनी लिहिलं होतं ते असं. त्यांची दृष्टी चालली होती, आणि भाचा परदेशी निघाला होता. साइट चालवणं होणार नाही. एका मोठ्या कंपनीच्या जागेवर सगळं जग गोळा व्हायला लागलं होतं, तिथे आपल्यालाही फुकट घर मिळेल. पण तिथे ज्यानं त्यानं आपलं खरं नाव लावायचं, आपला चेहरा दाखवायचा, हा त्या कंपनीचा नियम. ते नको असेल तर साइट बंद करायची आणि सगळं पुसून टाकायचं. आधी वाद होऊ दे, मग सगळे मिळून मत द्या. जाण्याच्या बाजूनं चाळण बोलेल, बंद करण्याच्या बाजूनं अडकित्ता. आम्हाला दोघांनाही त्यांनी विचारलं नव्हतं. विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा ती माझ्याशेजारी स्टूल ओढून बसली.

"म्हणजे तिकडं गेलं की त्याचं नाव कळणार?"

"नाव, गाव, फोटो. सगळंच."

"मग जिंक की, वन्सं," वहिनी म्हणाली. वन्सं ती मला फक्त चेष्टेत म्हणायची, पण त्या दिवशी तिच्या आवाजात चेष्टा कमी होती. "कधी न्हाई ते काहीतरी तुझ्या हातात आलंय."

मला जिंकायचं होतंच. पण मी एवढीही साधी नव्हते. वाद हरले तर काय, म्हणून आधी दुसरी वाट बघून ठेवावी, असा विचार करून रविवारी सकाळी मी मिरजेला गेले. तक्रारींसाठी म्हणून डॉक्टरांनी घरचा पत्ता साइटवर दिलेला होता. नाव नोंदवताना प्रत्येकाचा ईमेल त्यांच्याकडे जायचा, म्हणजे अडकित्त्याचाही असणार.

डॉक्टर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. कुणीतरी शेळी आणली होती. तिचा मालक दोरी धरून उभा होता आणि डॉक्टर डोळे मिटून तिच्या पोटावरून हात फिरवत होते. मी म्हटलं, मी चाळण. त्यांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे न बघता माझ्या आवाजाकडे बघितलं. "अरे वा. चाळणबाई. बसा." शेळीवाल्याला काढा सांगून त्यांनी वाटेला लावलं.

मी दहा वाक्यं इकडची तिकडची बोलले. त्यांच्या डोळ्यांची चौकशी केली, वहिनीनं दिलेले लाडू पुढे ठेवले. मग म्हटलं, साइट बंद झाली तर काही लोकांशी संपर्क राहावा असं वाटतं, ईमेल मिळाले असते तर बरं झालं असतं.

"काही लोकांशी," डॉक्टर म्हणाले.

"एकाशी."

त्यांनी लाडू हातात घेतला, पण खाल्ला नाही. "बाई, मी आयुष्यभर जनावरं तपासली. जनावर नाव सांगत नाही, दुखणं दाखवतं. नाव नसलं की दुखणं स्वच्छ दिसतं. एवढ्यासाठी मी ही साइट काढली. लोकांनी मला ईमेल दिले ते मी कुणाला देणार नाही या बोलीवर. तुमचा मी कुणाला दिला असता तर?"

"मी रागावले असते," मी म्हटलं. आणि थोडं थांबून विचारलं, "माझा कुणी मागितला का?"

डॉक्टरांनी हातातला लाडू खाली ठेवला. "मागितला असता तरी हेच उत्तर दिलं असतं," ते म्हणाले.

परत येताना एसटीत मी ते वाक्य इकडून तिकडून चाळून बघितलं. त्यातून काहीच खाली पडलं नाही.

वाद सुरू झाला. नियमाप्रमाणे आधी त्यानं माझी बाजू मांडायची, मी त्याची, आणि मग ज्याचं त्यानं. वहिनी रोज माझ्या मागे उभी राहून वाचायला लागली. दादालाही कुणकुण लागली असावी, कारण तो संध्याकाळी उगीचच बाहेरच्या खोलीत बातम्या मोठ्यानं लावून बसायचा, म्हणजे त्याला आमचं ऐकू येत नाही हे आम्हाला कळावं.

अडकित्त्यानं माझी बाजू लिहिली ती साधीच होती. जागा बदलली म्हणून माणसं बदलत नाहीत. कंपनीच्या जागेवर आज सगळे आहेत, नव्यानं येणारे तिथेच येतील, इथे आपण म्हातारे होऊन आपापसातच खोकत बसू. नावं कळली तर कळली, तोंड लपवून बोलणाऱ्याचं धैर्य ते किती. हे सगळं मी कधी ना कधी म्हटलेलंच होतं. त्याच्याखाली एक ओळ रिकामी सोडून त्यानं लिहिलं होतं.

"चाळणीचं आणखी एक म्हणणं आहे, ते तिनं अजून लिहिलेलं नाही. इथे एखाद्याला एखाद्याच्या म्हणण्याची सवय झालेली असेल. साइट पुसली तर ते माणूस पुन्हा सापडणार नाही. हे नुकसान कुठल्याही कंपनीच्या नुकसानापेक्षा मोठं आहे. मान्य?"

वहिनी माझ्या खांद्यामागे होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"हे त्यानं तुझं लिहिलंय का स्वतःचं?" ती म्हणाली.

"माझं. नियमच तसा आहे."

"चुलीत गेला नियम. मी विचारतेय काय?"

मी पुन्हा पडद्याकडे वळले. साइट सगळ्यांना दिसायची. तवा, उखळ, कंदील, सतरंजी, सगळे वाचत होते. 'अमान्य' असं लिहिलं असतं तर तेवढी ओळ काढून त्याला पुन्हा मांडावं लागलं असतं आणि माझी लाजही राहिली असती. मी 'मान्य' लिहिलं. जन्मात मी कुणाला दिलेला तेवढाच कबुलीजबाब, आणि तो अडीचशे भांड्याकुंड्यांच्या साक्षीनं.

आता माझी पाळी होती. त्याची बाजू मला मांडायची होती.

"हे बघ," वहिनी म्हणाली, "तू त्याचं जरा कच्चं लिही. अगदी वाईट न्हाई. अळणी."

"त्याला कळेल."

"कळू दे की. त्यालाबी तेच पाहिजे असंल तर तो मान्य म्हणंल. न्हाईतर कळलंच."

सल्ला वाईट नव्हता. मी अळणी लिहायला बसले आणि दोन दिवस लिहिलं. दोन-तीन कागद खरडले, मग पडद्यावर लिहून पुसलं. होईना. इतकी वर्षं त्याचं म्हणणं मी माझ्या शब्दांत मांडत आले होते. माझ्या मीठमिरचीचा हात त्यावर बसला होता, तो आता अळणीवर वळत नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्यानं माझं म्हणणं जितकं मन लावून मांडलं होतं, तितकंच मन लावून त्याचं मांडायचं, याशिवाय त्याला देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी बसले आणि एका दमात लिहिलं.

"अडकित्ता म्हणतो, इथे आपण एकमेकांना नावाशिवाय ओळखलं. तिकडे गेल्यावर पहिल्यांदा आडनाव दिसेल आणि मग म्हणणं. आडनाव वाचून निम्मी माणसं गप्प होतील आणि निम्म्यांना चेव येईल. जागेच्या मालकाला गप्प माणसं परवडत नाहीत, त्यामुळे तो चेव आलेल्यांना वर बसवेल. आपण वाईट नाही म्हणून आपल्याला काही होणार नाही असं समजू नका, कारण आपण चांगले आहोत ते या नियमांमुळे आहोत. इथे आपण एकमेकांना 'मान्य' म्हणतो. तिकडे 'आवडलं' असं सांगायचं बटण आहे. या दोन्हींत फार अंतर आहे. न आवडलेलं मान्य करता येणं, हे आपण इथे शिकलो. ज्या जागेवर ते शिकलो ती जागा विकायची नसते. ती मोडली तर मोडू द्यावी, निदान ती काय होती हे लक्षात तरी राहील. मान्य?"

वहिनीनं वाचलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून ती आत गेली.

अडकित्त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "मान्य. मला हे इतकं नीट माहीत नव्हतं." त्यानं पुढे स्वतःचं असं काहीच लिहिलं नाही. चाळणीनं मांडलंय त्यात भर घालण्यासारखं काही नाही, एवढंच म्हणाला. मी माझ्या बाजूनं दोन-चार मुद्दे लिहिले, पण ते मलाच पोकळ वाटत होते. सतरंजीसुद्धा त्या दिवशी दोघांचंही बरोबर आहे म्हणाली नाही. "मी अडकित्त्याच्या बाजूनं," असं पहिल्यांदाच ठाम लिहून ती गेली.

मतं फक्त डॉक्टरांकडे जायची. मी माझं दिलं, कुणाला सांगितलं नाही. वहिनीनंही विचारलं नाही. निकाल लागला तो बंद करण्याच्या बाजूनं, आणि चांगल्या फरकानं. अनेकांनी खाली लिहिलं की त्यांचं मन चाळणीनं लिहिलेल्या त्या परिच्छेदानं बदललं. तव्यानं लिहिलं, "शत्रूची बाजू अशी मांडणारा माणूस मी पाहिला नाही." तव्याला काय माहीत.

शेवटचा दिवस ठरला. दिवस मावळताना साइट बंद होणार होती. आमच्याकडे जेवणं नेहमीसारखी उरकली होती. मी संगणकासमोर बसले, वहिनी स्टुलावर. लोक निरोपाचं लिहीत होते. मी माझं नाव लिहू शकले असते. डॉक्टरांना ते काढून टाकायला पाच मिनिटं लागली असती, तेवढ्यात त्यानं वाचलं असतं. बोटं कळफलकावर होती. पण ही जागा नावाशिवायची आहे म्हणून ती मोडलेली बरी, असं मीच अडीचशे जणांना पटवून दिलं होतं, आणि ते मला आतून पटलंही होतं. वाद असा हरायचा आणि मागच्या दारानं तेच घ्यायचं, हे आमच्या दोघांत बसणारं नव्हतं. तोही लिहिणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी वाट बघत होते. बहुधा तोही बघत असावा.

सगळ्यात शेवटी त्याची एक ओळ आली. "चाळणीचं म्हणणं लक्षात राहील."

मी "मान्य" लिहिलं आणि पाठवलं. ते पोचायच्या आत पान पांढरं झालं. वहिनीनं दिवा लावला.

त्यानंतर वर्षभरानं मी पुन्हा मिरजेला गेले. डॉक्टरांना तेव्हा काहीच दिसत नव्हतं. अंगणात शेळीही नव्हती. मी काही मागायला आले नव्हते, मागण्यासारखं काही उरलंही नव्हतं. ईमेल, नोंदी, सगळं त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी पुसलं होतं. मी नुसती बसायला गेले होते.

"चाळणबाई," डॉक्टर म्हणाले, "तुमचं मत मी भाच्याला दोनदा वाचायला लावलं. मला वाटलं तो चुकला."

"नाही चुकला," मी म्हटलं. "मी बंद करा म्हणूनच दिलं होतं. लिहिता लिहिता पटलं मला. मी काय करू?"

ते हसले. मग त्यांचा चेहरा बदलला. "आता साइट नाही, नियमही नाही. एक सांगू? अडकित्त्याचं मतही मी दोनदा वाचून घेतलं."

मी खुर्ची जवळ ओढली.

"त्यानं तुमच्या बाजूनं दिलं. तिकडे जाऊया म्हणून. तुमचं त्याला गेलं, त्याचं तुम्हाला. हिशेबात दोन्ही एकमेकांना खाऊन गेली." त्यांनी चाचपडत पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "आणि तुम्ही मला विचारलं होतंत, तुमचा ईमेल कुणी मागितला का. आदल्याच आठवड्यात मागितला होता. मी त्यालाही नाही म्हणालो. ते बरोबर केलं का, हे मला अजून ठरवता येत नाही."

डॉक्टरांवर मी रागावले नाही. नियमासाठी मी स्वतः काय घालवलं होतं ते मला ठाऊक होतं. त्यांना फक्त एवढंच म्हटलं, की मला हे आवडलं नाही, पण मान्य आहे. त्यांनी मान हलवली आणि आम्ही दोघं संध्याकाळ होईपर्यंत तसेच बसून राहिलो.

त्या मोठ्या कंपनीच्या जागेवर मी पुष्कळ वर्षं गेले नाही. त्यानं सांगितलेलं तिथे एकेक करून खरं होत होतं, ते मी वहिनीच्या फोनवर लांबूनच बघायची. शाळेतल्या जुन्या मैत्रिणी आडनावं वाचून एकमेकींना तोडत होत्या. पुढे दुकानाच्या कामासाठी मलाही खातं उघडावं लागलं. खरं नाव, खरा फोटो. अडकित्ता माझ्या बाजूनं मत देऊन एकटाच तिथे गेला असेल का, हा विचार तोवर मी मनात येऊ दिला नव्हता. एक दिवस दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा शोधायच्या जागेत मी ते नाव लिहिलं. अडकित्ता.

माणूस एकही आला नाही. विकायला ठेवलेले अडकित्ते आले.

तेव्हापासून ते माझा पिच्छा सोडत नाहीत. वर्तमानपत्र उघडलं की बाजूला अडकित्ता. हवामान बघायला गेले की खाली अडकित्ता. पितळी, पोलादी, मोराच्या आकाराचे, घोड्याच्या आकाराचे, एकावर एक फुकट. वहिनी आता थकलीय, पण जीभ तशीच आहे. "कंपनीला वाटायलंय तू सुपारी खायला लागलीस," म्हणते. मला त्याचंच वाक्य आठवतं. फुकट जागा देणारा भाडं दुसऱ्या कशात तरी घेतोच. तो वाद तो पुन्हा जिंकला.

प्रत्येक जाहिरातीच्या कोपऱ्यात एक खूण असते. तिच्यावर बोट ठेवलं की हे मला दाखवू नका असं सांगता येतं. दुकानात गिऱ्हाइकांना मी ती रोज शिकवते, स्वतः मात्र कधी दाबलेली नाही. जन्मभर मी कंपनीची वकिली केली, पण तिच्याकडून काही हवंसं वाटलं ते आत्ता. तिनं नजर नीट ठेवलेली असावी, सगळ्यांवर, कुणालाही न सोडता. म्हणजे कुठल्यातरी कारखान्याच्या गावात, आईला मोठ्यानं हाक मारून झाल्यावर एखादा माणूस फोन उघडत असेल, आणि पीठ चाळण्याशी ज्याचा काही संबंध नाही अशा त्या माणसासमोर, का ते दुसऱ्या कुणालाच न कळता, चाळण्या येत असतील.